खिमा खरपूस, चीज शेवटी : घरच्या जेवणासाठी क्रीमी बीफ पास्ता

अमेरिकेतल्या घरांत आठवड्याच्या मधल्या वारी, सगळे दमून घरी येतात त्या संध्याकाळी, हमखास होणारा हा पदार्थ. एक पाउंड खिमा, कपाटातला पास्ता, फ्रीजमधलं चीज, एवढ्यावर चार माणसांचं पोटभर जेवण होतं. १९७१ साली जनरल मिल्स कंपनीने 'हॅम्बर्गर हेल्पर' नावाचं खोकं देशभर बाजारात आणलं. आत सुका पास्ता आणि सॉसची पूड, खिमा तेवढा आपण घालायचा. तेव्हापासून तर एका भांड्यातला बीफ पास्ता घराघरांत रुळला. खोक्यातल्या पुडीत असतं काय? दाटपणासाठी स्टार्च, चवीसाठी मीठ-मसाला आणि चीजची पावडर. ही तिन्ही कामं घरात मैदा, चांगला स्टॉक (हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी) आणि खरं चीज कितीतरी छान करतात, आणि वेळही फारसा जास्त लागत नाही. एकूण पाऊण तास धरा.

हा पास्ता फसतो तो ठरलेल्या तीन ठिकाणी. खिमा परतला न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडला जातो आणि करडा, बेचव राहतो. चीज फाटतं आणि सॉसवर तुपाचा तवंग येतो. किंवा पास्ता इतका शिजतो की ताटात येईपर्यंत त्याचा लगदा झालेला असतो. यातल्या एकाही गोष्टीवर जास्त क्रीम किंवा महाग चीज हा उपाय नाही. कोणती गोष्ट केव्हा घालायची आणि त्या वेळी आच किती हवी, एवढं सांभाळलं की साध्या सामानातूनही सुरेख पास्ता होतो. म्हणून खाली पाककृती थोडक्यात आटपलेली नाही. जिथे चुकायची शक्यता आहे तिथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे.

सामान (चार मोठ्यांसाठी, किंवा दोन मोठे आणि तीन मुलं)

खिमा ४५० ग्रॅम, म्हणजे अमेरिकेतलं एक पाउंडाचं पाकीट. पास्ता ३०० ग्रॅम. मध्यम कांदा १, बारीक चिरून. लसूण ५ पाकळ्या, ठेचून. टोमॅटो पेस्ट ३ मोठे चमचे. मैदा दीड मोठा चमचा. बीफ स्टॉक अर्धा लिटर, शक्यतो कमी मिठाचा. हेवी क्रीम १२० मिलि. चेडार १५० ग्रॅम, पार्मेझान ३० ग्रॅम, दोन्ही घरी किसून. वूस्टरशर सॉस १ मोठा चमचा, स्मोक्ड पाप्रिका (धुरावलेल्या लाल मिरचीची सौम्य पूड) १ चहाचा चमचा, मोहरीची पूड अर्धा चहाचा चमचा, वाळवलेलं ओरेगानो अर्धा चमचा, मिरपूड, मीठ, थोडं तेल.

मोहरीची पूड वगळू नका. तिची चव वेगळी जाणवत नाही, पण चीजची चव तिच्यामुळे उठून येते. वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात. घरात कुणाला माशांची अ‍ॅलर्जी असेल तर त्याऐवजी सोया सॉस घाला, तेव्हा मीठ जरा हात राखून.

खिमा कोणता घ्यायचा

अमेरिकेत पाकिटावर ८०/२०, ८५/१५, ९०/१०, ९३/७ असे आकडे असतात. पहिला आकडा मांसाचा, दुसरा चरबीचा. तिथल्या नियमाप्रमाणे ग्राउंड बीफमध्ये ३० टक्क्यांच्या वर चरबी चालत नाही. या पास्त्यासाठी मी ८५/१५ घेते. ९३/७ घेतला तर खिमा रवाळ आणि कोरडा लागतो. क्रीममध्ये बुडवला तरी तो कोरडेपणा जात नाही. ८०/२० चवीला उत्तम, फक्त मधेच चरबी काढून टाकावी लागते. सॉसमध्ये पुढे क्रीम आणि चीज येणार आहेच, त्यात खिम्याचीही सगळी चरबी राहिली तर पास्ता ओशट होतो आणि चौथ्या घासाला नकोसा वाटतो.

बीफ सगळ्यांकडे चालत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळूच्या मांसालाही बंदी आहे. म्हशीचं मांस मात्र मिळतं. म्हशीचा खिमा घेतलात तर त्यात चरबी कमी आणि धागा जाड, म्हणून परतताना दोन चमचे तेल जास्त घाला आणि स्टॉकमध्ये झाकण ठेवून वीसेक मिनिटं शिजवा. मटणाच्या खिम्याला अर्धा तास लागतो, स्टॉकही थोडा वाढवावा लागतो. चिकन किंवा टर्कीचा खिमा लवकर शिजतो, पण त्याचा स्वतःचा रस हलका असल्यामुळे वूस्टरशर आणि टोमॅटो पेस्ट दोन्ही जरा सढळ हाताने. बाकी कृती तीच.

सुरुवात करण्याआधी

खिमा शिजवायच्या वीस मिनिटं आधी फ्रीजमधून बाहेर काढा आणि कागदी रुमालाने वरवर टिपून घ्या. पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून खिम्यावर शिंपडा, हलक्या हाताने मिसळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. सोड्यामुळे मांसातली प्रथिनं कमी आकसतात, पाणी कमी सुटतं आणि रंग लवकर येतो. पाव चमच्याच्या वर जाऊ नका, नाहीतर साबणासारखी चव येते. वेळ नसेल तर ही पायरी गाळली तरी चालेल, बाकीच्या गाळू नका.

चीज आत्ताच किसून बाजूला ठेवा, म्हणजे तोवर त्याचा गारठाही जाईल. पिशवीतलं आधीच किसलेलं चीज या पदार्थासाठी घेऊ नका. किस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला बटाट्याचा स्टार्च किंवा सेल्युलोज चोळलेलं असतं, आणि त्यामुळे ते नीट वितळत नाही. सॉस खरखरीत होतो. पिझ्झावर ते चालून जातं, सॉसमध्ये नाही. वडी आणून किसायला तीन मिनिटं लागतात.

चेडार 'शार्प' घ्या, पण फार जुनं नको. चीज जितकं मुरलेलं तितकं चवीला तिखट, आणि तितकंच फाटायला सोपं. दोन वर्षं मुरवलेलं चेडार पोळीबरोबर खावं, सॉसमध्ये त्याचा जीव जातो. खात्रीचा उपाय हवा असेल तर १५० ग्रॅम चेडारपैकी ४० ग्रॅमच्या जागी प्रोसेस्ड चीज घाला: अमेरिकेत 'अमेरिकन चीज'चे स्लाइस, भारतात अमूलचं चीज. प्रोसेस्ड चीजमध्ये सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात. ते तूप आणि पाणी वेगळं होऊ देत नाहीत. या प्रकारच्या चीजचं पेटंट जेम्स क्राफ्टने १९१६ साली घेतलं ते चीज टिकावं म्हणून, पण सॉस करणाऱ्यांना त्याचा हा दुसराच उपयोग झाला. काही जण याला नाकं मुरडतात. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

पास्त्याचं पाणी आताच दुसऱ्या गॅसवर ठेवा. अडीच लिटर पाणी, त्यात सुमारे १५ ग्रॅम मीठ, म्हणजे अडीच चहाचे चमचे. पास्त्याला पाणी खूप हवं असं सांगतात, पण इथे मुद्दाम कमी घेतलंय. पाणी कमी तर त्यात उतरणारा स्टार्च दाट, आणि हेच पाणी शेवटी सॉस मिळून यायला लागणार आहे.

पहिली पायरी : खिम्याला हात लावू नका

जाड बुडाचं रुंद पातेलं किंवा लोखंडी कढई चांगली तापू द्या. पातळ बुडाच्या नॉनस्टिक भांड्यात रंग येत नाही, ते नकोच. एक चहाचा चमचा तेल घाला आणि खिमा एका सपाट थरात पसरा. उलथन्याने जरा दाबा. मग चार ते पाच मिनिटं त्याला हात लावायचा नाही.

हीच सगळ्यात अवघड गोष्ट. भांड्यात काहीतरी चुरचुरत असताना हात आपोआप पुढे जातो. पण ढवळलं की खिमा थंड पडतो, पाणी सोडतो आणि मग त्यातच उकडतो. मांसाला तपकिरी रंग आणि खरपूस वास यायला पृष्ठभाग पाण्याच्या उकळबिंदूच्या बराच वर तापावा लागतो, आणि भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जातच नाही. आधी पाणी उडायला हवं.

इथे कानाचा उपयोग होतो. सुरुवातीला जोरात चुर्र आवाज येतो. मिनिटभरात तो बसतो, बुडबुड्यांचा ओलसर आवाज सुरू होतो, पाणी सुटलंय. थांबा. हळूहळू आवाज पुन्हा चढतो, कोरडा आणि तडतडता होतो. याचा अर्थ पाणी संपलं आणि खिमा आता स्वतःच्या चरबीत परतला जातोय. कड उलथन्याने उचलून बघा: खाली गडद तपकिरी कवच दिसलं की मोठ्या तुकड्यांत उलटा, अजून दोन मिनिटं ठेवा आणि मग फोडा. अगदी भुगा करू नका. मटाराएवढे तुकडे राहिले की घासात मांस लागतं.

भांडं लहान असेल तर खिमा दोन वेळा परता. कंटाळवाणं आहे, पण एकदम सगळा घातला तर थर जाड होतो आणि वरच्या खिम्याला कधीच रंग येत नाही.

आता भांडं तिरकं करून चरबी एका बाजूला आणा आणि चमच्याने काढा. दीड मोठा चमचा मागे ठेवा, कांदा आणि मैदा त्यातच परतायचा आहे. काढलेली चरबी सिंकमध्ये ओतू नका. पाइपात थिजते आणि मोरी तुंबते. रिकाम्या डब्यात गार होऊ द्या आणि कचऱ्यात टाका. खिमा बाहेर काढायची गरज नाही, बाजूला सारला तरी पुरे.

कांदा, लसूण, टोमॅटो पेस्ट

आच मध्यम करा. कांदा आणि चिमूटभर मीठ घाला. कांदा पाणी सोडेल आणि त्याबरोबर बुडाला लागलेली तपकिरी खरवड सुटायला लागेल. ती लाकडी उलथन्याने खरवडून घ्या. सॉसची अर्धी चव तिथेच आहे. पाच मिनिटांत कांदा पारदर्शक होतो. लसूण अर्ध्या मिनिटासाठी.

मग टोमॅटो पेस्ट. ती थेट रस्स्यात ढवळली तर कच्चट, डब्याची आंबट चव राहते. भांड्याच्या मधोमध जागा करा, पेस्ट तिथे टाका आणि दोन मिनिटं तशीच परता. भडक लाल रंग उतरून विटकरी होतो, कडेने तेल सुटायला लागतं, वास गोडसर होतो. आपण ग्रेव्हीचं वाटण परततो तीच ही क्रिया, त्यामुळे मराठी स्वयंपाक करणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पाप्रिका, मोहरीची पूड आणि ओरेगानो आता घाला आणि पाव मिनिट हलवा. पाप्रिका पटकन जळते, जळली की कडू होते.

वर मैदा भुरभुरवा आणि मिनिटभर परता, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत. मैद्याचं काम फक्त दाटपणाचं नाही. पुढे चीज घातल्यावर त्यातलं तूप वेगळं व्हायला निघतं, ते स्टार्च धरून ठेवतो.

स्टॉक आणि पास्ता, दोन्ही एकाच वेळी

स्टॉक तीन वेळा थोडा थोडा ओता. पहिल्या पळीला सगळं चिखलासारखं घट्ट होईल. घोटून एकजीव केलं की पुढचा ओता. सगळा एकदम ओतला तर मैद्याच्या गुठळ्या होतात. वूस्टरशर सॉस घाला, एक उकळी आणा, आच कमी करा. झाकण न ठेवता आठ ते दहा मिनिटं मंद उकळू द्या. उलथन्याने बुडावर एक रेघ ओढली आणि ती क्षणभर टिकून मग भरून आली, की दाटपणा बरोबर.

खिमा पुरेसा शिजला का, ही शंका आली तर: ग्राउंड बीफ आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे १६० अंश फॅरनहाइटपर्यंत तापलं पाहिजे असं अमेरिकेच्या कृषी खात्याचं सांगणं आहे. अख्ख्या तुकड्यातले जंतू वरच्या पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळले गेलेले असतात, म्हणून खिमा अर्धवट गुलाबी ठेवायचा नसतो. आपला खिमा परतून पुन्हा दहा मिनिटं उकळतोय, त्यामुळे इथे काळजी नाही.

सॉस उकळायला लागला की उकळत्या पाण्यात पास्ता टाका. कोणता? मधे पोकळी किंवा वळणं असलेला: शिंपल्याच्या आकाराचे शेल्स, रोटिनी, कॅव्हाटाप्पी. शेल्स माझे आवडते, कारण खिम्याचे कण आणि सॉस त्यांच्या वाटीत जाऊन बसतात. स्पॅगेटी नको. लांब पास्त्यावर खिमा टिकत नाही; मुलं पास्ता खातात आणि खिमा ताटात तळाला उरतो.

पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक तुकडा तोडून बघा. भाताच्या शितात कणी राहते तसा मधे पांढरा ठिपका दिसला पाहिजे. तेवढ्यावर काढा, बाकीचा सॉसमध्ये शिजणार आहे. पास्ता निथळण्याआधी दोन वाट्या पाणी बाजूला काढून ठेवा, हे विसरलं जातं. चाळणी सिंकमध्ये ठेवतानाच तिच्या आत वाटी ठेवली तर आठवण राहते. पास्ता गार पाण्याखाली धरायचा नाही, तेल तर लावायचंच नाही. वरचा स्टार्च धुतला गेला किंवा तेलाने झाकला गेला की सॉस धरत नाही.

शेवटची तीन मिनिटं

सॉसची आच अगदी मंद करा. क्रीम ओता, ढवळा, कडेला बुडबुडे यायला लागले की बस. हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे ते टोमॅटोच्या आंबटपणाने सहसा फाटत नाही. भारतात खोक्यात मिळणारी अमूलची फ्रेश क्रीम २५ टक्क्यांची; तीही चालते, पण घातल्यावर उकळी येऊ देऊ नका. नुसतं दूध वापरलं तर आंबटपणाने फाटायची भीती जास्त. क्रीम मिळत नसेल तर ८० ग्रॅम क्रीम चीज थोड्या गरम सॉसमध्ये फेटून घाला. चव जरा आंबूस, पण सॉस मखमली होतो.

पास्ता सॉसमध्ये टाका, अर्धी वाटी पास्त्याचं पाणी घाला आणि मध्यम आचेवर मिनिटभर हलवा. पास्ता सॉस ओढून घेतो, रस चकचकीत दिसायला लागतो.

आता गॅस बंद करा. पूर्ण बंद, आणि भांडं शेगडीवरून खाली. इलेक्ट्रिक शेगडीची कॉइल बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली असते, म्हणून नुसतं बटण फिरवून भागत नाही. एक मिनिट थांबा. मग मूठ-मूठ चीज घाला. आधीची मूठ वितळून दिसेनाशी झाली की पुढची. चीज उकळत्या सॉसमध्ये गेलं की त्यातली प्रथिनं आकसतात, तूप आणि पाणी पिळून बाहेर टाकतात, आणि उरतात चिवट गोळे. सॉसची स्वतःची उष्णता चेडार वितळवायला पुरेशी असते. पार्मेझान शेवटी.

चव आता बघा, आधी नाही. स्टॉक, वूस्टरशर, दोन्ही चीजं, पास्त्याचं पाणी, सगळ्यांत मीठ आहे. वेगळं मीठ बहुतेक लागतच नाही. मिरपूड भरपूर. फार जड वाटलं तर अर्धा चमचा लिंबाचा रस चव मोकळी करतो.

सॉस तुम्हाला हवा त्याहून थोडा पातळच ठेवा. भांड्यात बरोबर दिसला तर ताटात घट्ट होणार, कारण पास्ता पाणी ओढतच राहतो आणि चीज गार होताना आळतं. बाजूला ठेवलेलं पाणी जेवण होईपर्यंत टाकू नका. दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्यांसाठी त्यातलंच दोन चमचे घालून हलवलं की सॉस पुन्हा पहिल्यासारखा होतो.

तरीही बिघडलं तर

चीज फाटून तवंग आला असेल तर भांडं आचेवरून काढा, पास्त्याचं गरम पाणी एकेक चमचा घालत जोरात ढवळा. प्रोसेस्ड चीजचा एक स्लाइस घातला तर बहुतेक वेळा सॉस पुन्हा जुळतो. खारट झालं तर क्रीम आणि थोडा बिनमिठाचा शिजवलेला पास्ता घाला. बटाटा टाकून मीठ ओढलं जातं ही समजूत इथे उपयोगाची नाही. पास्ताच जास्त शिजला असेल तर सगळं ओव्हनच्या भांड्यात घाला, वर चीज आणि ब्रेडचा चुरा पसरा आणि २०० अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटं भाजा. वरचं कुरकुरीत कवच मऊपणा झाकून टाकतं.

बरोबर काय आणि उरल्यावर काय

इतक्या स्निग्ध जेवणाबरोबर काहीतरी आंबट आणि कच्चं हवं. लिंबू पिळलेली काकडी-गाजराची कोशिंबीर छान जाते, दाण्याचं कूट मात्र नको. मुलांना भाजी पोटात घालायची असेल तर पास्त्याच्या शेवटच्या मिनिटाला त्याच पाण्यात मूठभर गोठवलेले मटार किंवा ब्रोकोलीचे छोटे तुरे टाका. घरात तिखट लागतं अशांसाठी हिरवी मिरची कांद्याबरोबर परतता येते. गरम मसाला घालू नका. क्रीम, चेडार आणि लवंग यांचं एकमेकांशी जमत नाही.

उरलेला पास्ता दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या, तीन-चार दिवस टिकतो. गरम करताना वाटीभर पास्त्याला दोन चमचे दूध घाला, झाकण ठेवून मंद आचेवर तापवा. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या पॉवरवर, मधे एकदा ढवळून. पूर्ण पॉवरवर चीज पुन्हा फाटतं.

तयार पास्ता फ्रीझरमध्ये ठेवू नका, क्रीम दाणेदार होतं आणि पास्ता विरतो. फ्रीझरसाठी वेगळी रीत आहे: खिमा, कांदा, टोमॅटो पेस्ट आणि स्टॉक इथपर्यंतचा सॉस दुप्पट करा आणि क्रीम घालायच्या आधीच अर्धा काढून डब्यात भरा. दोन-तीन महिने चांगला राहतो. आदल्या रात्री डबा फ्रीजमध्ये खाली उतरवून ठेवा. दुसऱ्या दिवशी पास्ता उकळेपर्यंत सॉस तापतो, मग फक्त क्रीम आणि चीज घालायचं काम उरतं.